सरासरीत लपलेला गार पट्टा

नव्या डांबरी रस्त्याची खडी दोन-तीन वर्षांतच सुटायला लागली, तर एकदा वाहनातून उतरून त्यावरून पायी चालावं आणि उखडलेल्या जागांमधलं अंतर पावलांनी मोजावं. कुठेही, कसेही पडल्यासारखे वाटणारे खड्डे पुष्कळदा एका हिशेबाने येतात. चाळीस-पन्नास मीटर रस्ता धड, मग दोन-तीन मीटरचा खडबडीत पट्टा, पुन्हा तितकाच रस्ता धड, पुन्हा तसाच पट्टा. पाऊस असा टप्पे मोजून पडत नाही आणि ट्रकही दर पन्नास मीटरला जड होत नाहीत. ते अंतर एका डंपरमधल्या डांबर-खडीच्या मालाचं असतं. वीस टन माल, साडेतीन मीटर रुंदीची मार्गिका, दाबून पाच सेंटिमीटर झालेला थर आणि घनमीटरला 2.35 टन वजन धरलं, तर एक डंपर सुमारे 49 मीटरला पुरतो. एक गाडी संपते, दुसरी लागते, आणि दोहोंच्या मध्ये रस्ता कच्चा राहून जातो.

हा कच्चेपणा डांबराच्या टक्केवारीत सापडत नाही, खडीच्या प्रतीतही नाही. तो तापमानात असतो. रस्त्याच्या कामात आपण थराची जाडी मोजतो, डांबराचं प्रमाण काढतो, खडी चाळण्यांतून घालतो. पण ज्या एका गोष्टीने या सगळ्यावर पाणी पडतं, तिची नोंद एक तर नीट ठेवत नाही, ठेवली तर फायलीबाहेर येऊ देत नाही. माझं म्हणणं असं की तापमानाची मीटरगणिक नोंद कंत्राटाचा भाग असावी, ती कोणालाही पाहता यावी, आणि बिल काढताना त्या नोंदीतल्या सरासरीकडे न बघता सगळ्यात वाईट जागेकडे बघावं.

माल गार कसा होतो, हे पेव्हरजवळ, म्हणजे रस्त्यावर माल पसरत जाणाऱ्या यंत्राजवळ, अर्धा तास उभं राहिलं की कळतं. डंपरवरची ताडपत्री निघते. ढिगाचा वरचा भाग निस्तेज, जरा आखडलेला. आतला माल मात्र ओलसर चमकतो. दांड्याचा थर्मामीटर वरवर खुपसला तर 110 अंश, तोच हातभर आत घातला तर 150, असा फरक एका गाडीत सहज दिसतो. गाडीच्या लोखंडी भिंतींना लागलेला मालही असाच गारठलेला. गाडी पेव्हरच्या पुढच्या पेटीत, हॉपरमध्ये, रिकामी होते तेव्हा आधी आणि शेवटी जो माल पडतो त्यात ही साय जास्त असते. भरीला हॉपरचे दोन पंख, म्हणजे त्याच्या मिटता येणाऱ्या बाजू. त्यांच्या कोपऱ्यांत माल साचतो, गाडी बदलेपर्यंत तिथेच बसून गार होतो, आणि मग ऑपरेटर सवयीने पंख मिटतो. ते सगळं घरंगळत मधल्या पट्ट्यावर येतं आणि माल सपाट करणाऱ्या स्क्रीडखालून रस्ता होऊन बाहेर पडतं. नुसत्या डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही, काळ्यावर काळं. उष्णता टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहिलं तर मात्र पिवळ्या-तांबड्या चटईवर एक निळा डाग उमटलेला असतो, आणि पुढच्या गाडीनंतर आणखी एक.

पूर्वी अशा पट्ट्यांचा दोष खडीवर जायचा. मोठी खडी एकीकडे, बारीक दुसरीकडे झाली, माल फाटला, असं म्हणत. 1996 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला: खराब पट्ट्यांतली खडी फारशी वेगळी झालेली नव्हती, तिथला माल आजूबाजूच्यापेक्षा गार होता. मग वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन विभागाने इन्फ्रारेड कॅमेरे घेऊन चालू कामं तपासली. आसपासच्या थरापेक्षा 14 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गार असलेल्या जागी रोलर फिरूनही घनता कमी राहते, असं त्यात दिसून आलं. चौदा अंश म्हणजे काही फार नव्हे. वाहतूक कोंडीत अडकलेल्या डंपरच्या वरच्या सायीत याहून मोठा फरक पडतो.

आता गार मालाने नेमकं बिघडतं काय, ते पाहू. डांबरी मिश्रणात वजनाने पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास खडी आणि भुकटी असते, डांबर जेमतेम पाच टक्के. एवढंसं डांबर प्रत्येक खड्यावर काही मायक्रॉनचा पापुद्रा धरून बसतं. रोलरचं काम त्याच खड्यांना एकमेकांत सरकवून, पोकळ्या मोडून माल घट्ट बसवायचं. खडे सरकायचे तर मधलं डांबर वंगणासारखं वागायला हवं, आणि ते तसं वागतं फक्त गरम असताना. साठ अंशांवरचं डांबर 135 अंशांवरच्या डांबरापेक्षा शेकडो पट दाट असतं. म्हणून साधं मिश्रण साधारण 150 ते 165 अंशांवर तयार करतात, आणि ते 80-90 अंशांपर्यंत उतरायच्या आत दबाई उरकावी लागते. त्याखाली रोलर कितीही फिरवा, खडे हलत नाहीत; उलट फुटायला लागतात. रोलरच्या फेऱ्यांची संख्या दाखवून काम नीट झाल्याचा पुरावा देणारे हीच गोष्ट विसरतात. दहा फेऱ्या 120 अंशांवर मारल्या की 75 अंशांवर, हे सांगितल्याशिवाय दहा या आकड्याला अर्थ नाही.

पोकळ्यांचा हिशेब निष्ठुर आहे. दबाई झाल्यावर थरात सात-आठ टक्के हवा राहिली तर चालतं. त्या पोकळ्या बहुतेक सुट्या सुट्या असतात. त्याच्या वर गेलं की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रस्त्याला आतून वाटा फुटतात. पाणी आत शिरतं, वरून चाक गेलं की ते दाबाने पिचकारीसारखं फिरतं आणि खड्यावरचं डांबर सोलून काढतं. हवाही आत खेळते, डांबर सुकवते. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुढे रस्तेबांधणीत फार उद्धृत झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचा ठोकताळा असा, की सात टक्क्यांच्या वर पोकळी एका टक्क्याने वाढली की रस्त्याचं आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. गार पट्ट्यात पोकळी अकरा टक्के राहिली, तर दहा वर्षांच्या रस्त्यातला तेवढा भाग सहा वर्षांचा झाला. आणि रस्ता काही आपली सरासरी काढून खराब होत नाही. त्या एका पट्ट्यातून खडी निघाली, तिथे पाणी साचलं, चाकांचे दणके बसू लागले, की शेजारचा धड भागही कडेने ढासळत जातो.

कामाची तपासणी मात्र याच सरासरीवर उभी आहे. किलोमीटरमागे काही ठिकाणी रस्ता कोरून गोल नमुने काढतात, त्यांची घनता मोजतात, सरासरी मर्यादेत आली की काम पास. वर म्हटल्याप्रमाणे दर 49 मीटरला तीन मीटरचा गार पट्टा आहे असं धरा. म्हणजे रस्त्याचा सहा टक्के भाग कच्चा. कुठेही डोळे झाकून पाच नमुने काढले, तर पाचही नमुने धड भागातच पडण्याची शक्यता 73 टक्के निघते. कोणी लबाडी करायची गरजच नाही. प्रामाणिक कंत्राटदार, प्रामाणिक अभियंता, प्रामाणिक प्रयोगशाळा, आणि चारांतल्या जवळपास तीन वेळा कागद सांगतो की रस्ता उत्तम आहे. एखादा नमुना गार पट्ट्यात पडलाच, तर उरलेले चार त्याला सांभाळून घेतात.

म्हणून सलग नोंद हवी. पेव्हरच्या मागे बसवून थराच्या पूर्ण रुंदीचं तापमान टिपत जाणारी इन्फ्रारेड यंत्रं आता नवी राहिलेली नाहीत. उपग्रहावरून जागा कळते, त्यामुळे कुठल्या मीटरला किती अंश होते याचा रंगीत नकाशाच हाती येतो. टेक्सासमध्ये अशी तपासणी कामाच्या नियमांतच घातली आहे. तिथे तापमानातला फरक साधारण 14 ते 28 अंश असला तर दोष मध्यम, त्याहून जास्त असला तर गंभीर, अशी प्रतवारी करतात. हा नकाशा काम चालू असतानाच हाती येतो, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कोरून काढलेल्या नमुन्यांवरून दोष कळतो तेव्हा रस्ता कायमचा गार झालेला असतो. नकाशात निळा डाग दिसला, तर रोलर अजून तिथेच आहे, ऑपरेटरला हाक मारता येते, पुढच्या गाडीआधी पंख मिटू नकोस असं सांगता येतं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सरळ अट घाला की अमुक अंशांखालचा माल घेणार नाही. अशी अट पुष्कळ ठिकाणी आहेच, आणि एकटी असली की ती घातक ठरते. माल तापवून तयार करणारा प्लांट दूर आहे, वाटेत गाडी रखडणार आहे, आणि पोचल्यावर किमान तापमान भरलं पाहिजे. मग प्लांटवरचा माणूस काय करेल? आच वाढवेल. 165 च्या जागी 185 वर माल काढेल. साइटवर थर्मामीटर खूश, रोलर खूश, घनताही छान येते. जळतं ते डांबर.

प्रयोगशाळेत डांबराचं कारखान्यातलं वय मोजायची एक रीत आहे. काचेच्या बाटल्यांत थोडं थोडं डांबर घालून त्या 163 अंशांच्या भट्टीत 85 मिनिटं फिरवत ठेवतात, वरून गरम हवेचा झोत सोडतात. मिसळून पसरेपर्यंत डांबर जितकं म्हातारं होतं, साधारण तितकं ते या 85 मिनिटांत होतं. पुढची रस्त्यावरची काही वर्षं दाखवायला तेच डांबर दाबाच्या भांड्यात आणखी वीस तास ठेवावं लागतं. म्हणजे रस्त्याच्या आयुष्यातला वयाचा एक मोठा घास पहिल्या तासा-दोन तासांतच घेतला जातो, कारण त्या वेळी डांबर पातळ पापुद्र्यात पसरलेलं, प्रचंड तापलेलं आणि हवेला उघडं असतं. त्यात वीस अंश आणखी घातले की तो घास मोठा होतो. असा रस्ता पहिल्या वर्षी देखणा दिसतो. मग त्याला भेगा पडतात, आणि भेगांचा दोष उन्हावर किंवा अवजड वाहनांवर जातो. जुने लोक मालाकडे बघून सांगत: निळसर धूर निघाला तर जास्त तापलाय, पांढरी वाफ निघाली तर खडीत ओल राहिलीय, ढीग टोकदार आणि कडक उभा राहिला तर गार आहे. या खुणा आजही खऱ्या आहेत. पण निळ्या धुराची नोंद कुठल्या वहीत होत नाही, आणि बिल अडवायचं तर वही लागते.

तेव्हा वरची मर्यादाही तितकीच कडक हवी, आणि ती प्लांटच्या तोंडाशी मोजली जावी. खालची अट आणि वरची अट यांच्यामध्ये सापडलेल्या कंत्राटदाराला मग एकच वाट उरते, अंतर आणि वेळ कमी करायची: प्लांट जवळ आणा, गाड्यांना उष्णतारोधक पेट्या लावा, ताडपत्री नीट बांधा, डंपर आणि पेव्हर यांच्यामध्ये माल पुन्हा ढवळून देणारं यंत्र ठेवा. ढवळल्याने सायीचा गार माल आतल्या गरम मालात मिसळतो, आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. दुसरी वाट कमी तापमानाच्या मिश्रणाची. युरोपात 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या या तंत्रात मेण, रसायनं किंवा पाण्याने फेसाळलेलं डांबर वापरून तापमान साधारण वीस ते चाळीस अंशांनी खाली आणतात. डांबर फेसाळण्याची मूळ कल्पना त्याहून जुनी, 1956 च्या सुमाराची, आयोवा स्टेट विद्यापीठातल्या लॅडिस चान्यी यांची. माल कमी तापवला तर डांबर कमी म्हातारं होतं, इंधन वाचतं, आणि पेव्हरवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडात धूर कमी जातो. हा शेवटचा फायदा निविदांमध्ये शोधूनही सापडत नाही. रस्त्याच्या कामातल्या डांबराच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या गटात घातलं आहे. प्लांटवर वाढवलेल्या आचेची किंमत रस्त्याच्या आधी कोण मोजतं, ते यावरून कळावं.

माझ्या मागणीवर आक्षेप आहेत, आणि काही खरे आहेत. सगळ्यात खरा हा, की रस्ता वरच्या पाच सेंटिमीटरवर उभा नसतो. खालची भर नीट दाबली नसेल, पाण्याला कडेने वाट नसेल, तर वरचा थर तापमानाच्या दृष्टीने कितीही निर्दोष असला तरी बसणारच. जास्त लादलेल्या वाहनांचंही तेच. 1950 च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत दोन वर्षं मोठी चाचणी घेतली होती. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम सांगतो की आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान सोळा पटींच्या आसपास जातं. मान्य. पण भार वाढला म्हणून रस्ता गेला, हे म्हणायचा अधिकार रस्ता मुळात नीट बांधल्याचं दाखवता येणाऱ्यालाच आहे. तापमानाचा नकाशा प्रामाणिक कंत्राटदाराचा बचावही करतो, हे कंत्राटदारांच्या संघटनांनी लक्षात घ्यावं. आज खड्डा पडला की बोट त्यांच्याकडेच जातं, आणि खिशात दाखवायला काही नसतं.

दुसरा आक्षेप पैशांचा. छोट्या रस्त्याला उपग्रह आणि कॅमेरे कुठून आणायचे? नका आणू. दांड्याचा थर्मामीटर, गाडी निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी, आणि प्रत्येक गाडीचा माल कुठून कुठपर्यंत पसरला त्याचे दोन आकडे. एवढ्यावर गाडीगणिक नोंद होते. पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड यंत्रावर मात्र एकट्यावर भिस्त ठेवू नये. ते फक्त वरची कातडी वाचतं. आत 140 असताना ते 115 दाखवेल, वारा असेल तर आणखी कमी. दोन्ही बाजूंना सोयीचा आकडा त्यातून काढता येतो, म्हणून ते सगळ्यांना आवडतं.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण मांडायला हवी, कारण तिच्यात दोष काम देणाऱ्याचा आहे. पातळ थर फार भरभर गार होतो. थराची जाडी दुप्पट केली की रोलरला मिळणारा वेळ दुपटीहून बराच वाढतो. अडीच सेंटिमीटरचा थर गार जमिनीवर, वाऱ्यात, रात्री टाकला तर काही मिनिटांतच हातचा जातो. तरीही तेवढ्याच पैशात जास्त किलोमीटर दाखवता यावेत म्हणून थर पातळ केला जातो, वाहतूक अडू नये म्हणून काम रात्री घेतलं जातं, आणि निधी ठरावीक तारखेच्या आत संपवायचा म्हणून ते नेमकं नको त्या हवेत येतं. थराची जाडी त्यातल्या मोठ्या खडीच्या निदान तिप्पट असावी, जाड खडीच्या मिश्रणात चौपट, हा संशोधनातून आलेला सल्ला सगळ्यांना माहीत असतो. कागदावर तो पाळून प्रत्यक्षात मोठी खडी घातली जाते, तेव्हा खडे एकमेकांवर अडकतात आणि रोलर वरवर घासत राहतो. अशा वेळी कंत्राटदाराला शिक्षा करणं म्हणजे बर्फावर रांगोळी काढायला सांगून ती पुसल्याचा जाब विचारणं. तारीख, वेळ आणि जाडी ज्याने ठरवली, त्याची सहीदेखील तापमानाच्या नकाशाखाली असावी.

ही नोंद लोकांसाठी खुली का करायची? अधिकाऱ्यांवर विश्वास नाही म्हणून नव्हे. रस्त्याचे दोष वर्षांनी उघडे पडतात, तोवर अधिकारी बदललेला असतो, कंत्राटाची हमी कदाचित संपत आलेली असते, आणि फाईल कपाटात गेलेली असते. नकाशा खुला असेल तर खड्डा पडल्यावर कोणालाही त्या मीटरवर बोट ठेवून बघता येईल की तिथे त्या दिवशी किती अंश होते. चार-पाच वर्षं असं झालं तर तापमान आणि टिकाऊपणा यांच्या नात्याची इतकी माहिती हाती येईल, जितकी कुठल्याही विद्यापीठाने आजवर गोळा केली नसेल. एडवर्ड डी स्मेट या रसायनशास्त्रज्ञाने न्यूअर्कमध्ये 1870 साली आधुनिक डांबरी रस्त्याचा अमेरिकेतला पहिला तुकडा टाकला, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. इतक्या वर्षांनी आपण अजून कुठला मीटर गार पडला होता हे सांगू शकत नसू, तर त्यात तंत्रज्ञानाची उणीव नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो माणसांचा आहे. गाडी आली, थर्मामीटर आत घातला, आकडा मर्यादेच्या खाली. नियम सांगतो, परत पाठवा. पण पेव्हर थांबला तर त्याच्याखालचा माल गार होणार, म्हणजे गार गाडी नाकारायची तर एक गार पट्टा आपणच तयार करायचा; नाही तर स्क्रीड उचलून, थर सरळ कापून, आडवा सांधा बांधून नव्याने सुरुवात करायची, आणि त्यात तासभर जातो. वीस टन माल कुठे तरी ओतावा लागतो. गाडीवाला भाडं मागतो. थर्मामीटर हातात धरलेला मुलगा बहुतेक वेळा साइटवरचा सगळ्यात तरुण आणि सगळ्यात कमी पगाराचा असतो. गाडी नाकारायचा अधिकार त्याला लेखी मिळाला पाहिजे, आणि नाकारलेल्या मालाचा खर्च कोणी किती सोसायचा हे निविदेतच ठरलं पाहिजे. आज तसं कलम नसेल तिथे काय होतं, हे मी पाहिलं आहे. मुलगा आकडा वाचतो, एकदा मुकादमाकडे बघतो, थर्मामीटर फडक्याने पुसतो, आणि ड्रायव्हरला गाडी पेव्हरकडे मागे घ्यायला हात करतो.